यंत्र कोरडं चालतंय

४ मार्च, मंगळवार

बाबा,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायचा असतो. या वेळचा नमस्कार आत्याला, कारण तुम्हाला एकेक अक्षर लावत वाचावं लागतं, म्हणून हे पत्र तीच तुम्हाला वाचून दाखवणार. आत्या, चष्मा नवा आहे, तेव्हा ओळी गाळायच्या नाहीत. मध्येच थांबून "जाऊ दे रे, पोरीचं डोकं तापलंय" असं पदरचं काही घालायचं नाही. लिहिलंय तेवढंच वाच.

बाबा, फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही फोन ठेवता. तीनदा ठेवलात. म्हणून कागद.

बातमी अशी की माझा लॅपटॉप सुरू होत नाही. रविवारी तुमच्याकडून निघाले, सोमवारी सकाळी वसतिगृहाच्या खोलीत झाकण उघडून बटण दाबलं. बटणाजवळचा दिवा लागला, पण पडदा काळाच राहिला. पंख्याचा आवाज नाही. कळफलकावरचा एक बारीक दिवा तीनदा लुकलुकला, थांबला, पुन्हा तीनदा. मी बटण नऊ वेळा दाबलं. दहाव्यांदा नाही दाबलं, कारण नऊ वेळा जे झालं नाही ते दहाव्यांदा कसं होईल, असं तुम्हीच एकदा एका शिवणाऱ्या बाईला सुनावलं होतं.

आत्याला पुरतं माहीत नाही. तिला वाटतं आपण माझ्या लग्नावरून भांडलो. म्हणून एकदा सरळ लिहिते. आत्या, बाबा बावीस वर्षं ज्या कपड्यांच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करतात, तिथल्या बायकांच्या जखमांवर मी माझा शेवटच्या वर्षाचा अहवाल लिहितेय. तिथे प्रत्येक मशीनवर सुईपुढे तारेची एक छोटी जाळी असायची, बोट सुईखाली जाऊ नये म्हणून. दोन वर्षांपूर्वी त्या जाळ्या काढल्या. जाळी असली की हात अडतो, वेग कमी होतो. तेव्हापासून मी ज्या एक्केचाळीस बायकांशी बोलले, त्यातल्या सव्वीस जणींच्या बोटात सुई गेली आहे. जाळ्या बाबांनी काढल्या. कुणी काढायला सांगितल्या, हे बायकांना माहीत नाही. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मी काढल्या. बस्स." मग मी तेवढंच लिहिलं: 'सुमारे चाळीस मशीनवरच्या जाळ्या कारखान्याच्या मेकॅनिकने काढल्या.' नाव घातलं नाही, पण तिथे मेकॅनिक एकच आहे. बाबांनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "हे फाड. नाहीतर या घरात पुन्हा जेवायला बसू नकोस."

गेल्या आठवड्यात मी आले ती तुझ्या डोळ्यांच्या डॉक्टरसाठी, आत्या, आणि दोन्ही दिवस स्वयंपाकघरात उभ्याने का जेवत होते ते आता कळलं असेल. बसायचं नाही असं सांगितलं होतं. मी बसले नाही.

त्या एक्केचाळीस जणींचं बोलणं त्या बंद लॅपटॉपमध्ये आहे, दुसरीकडे कुठेही नाही. का नाही तेही ऐका, म्हणजे मला मूर्ख म्हणायचं असेल तर माहिती घेऊन म्हणता येईल. मी प्रत्येकीला लिहून दिलं होतं की रेकॉर्डिंग या एकाच यंत्रात राहील, दुसऱ्या कुणाच्या हाती पडणार नाही. कारखान्यात कळलं तर काम जाईल ही त्यांची भीती. लिहून दिलं ते मी पाळलं. माझी संदर्भांची यादी तीन ठिकाणी जपून ठेवली आहे आणि त्यांचे शब्द एकाच.

अहवाल चोवीस तारखेला द्यायचा आहे. तुम्हाला वाटेल, बरं झालं, फाडायचे कष्ट वाचले. तसं समजू नका. मी तुमच्या टेबलाखाली बसून मोठी झालेली मुलगी आहे. मशीन बंद पडलं म्हणून ते सोडून देणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

एक गोष्ट विचारायची होती. आज विचारत नाही.

तपासनीस
(आत्यानेच ठेवलेलं नाव आहे. कुलूप दोनदा ओढून बघते म्हणून. बघतेच.)


६ मार्च, गुरुवार

बाबा,

काल लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने बटण दोनदा दाबलं, यंत्र कानाशी धरलं आणि कलिंगड परत ढिगात ठेवावं तसं माझ्यापुढे ठेवलं.

"बोर्ड गेला."

"उघडून न बघताच?"

"ताई, दिवसाला वीस येतात. तोंड बघून कळतं."

"आतली माहिती तरी काढता येईल?"

"या स्वस्तातल्या मॉडेलला डिस्क वेगळी नसते, बोर्डालाच चिकटवलेली असते. बोर्डाबरोबर तीही गेली. तरी ठेवून जा, बघतो. पासवर्ड लिहून ठेवा."

"पासवर्ड देता येणार नाही. आत दुसऱ्यांचं बोलणं आहे."

"मग न्या घरी आणि पूजा करा."

मी घेऊन आले. आल्यावर अहवालावर मार्गदर्शन करणाऱ्या मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आठवतंय तेवढं लिहून काढ. सगळेच थोडंफार तसं करतात." चांगल्या मनाने म्हणाल्या. पण मला आठवेल ते माझं असेल, बाबा. त्या बायकांनी मला त्यांचं दिलं होतं. मी नाही म्हटलं. मॅडमना नाही म्हणताना माझे कान गरम झाले होते, हेही लिहून टाकते, कारण मी फार धीट आहे असं तुम्हाला वाटायला नको.

मग मी तुमचा क्रम लावला. आधी दोरा, मग सुई, मग बॉबिन, मग पट्टा, मोटर शेवटी. पहिल्याच झटक्यात मोटरवर आळ घेणारा मेकॅनिक आळशी असतो, हे तुम्ही मला मी दुसरीत असताना सांगितलं होतं, आणि दुरुस्तीवाल्याला ते सांगणारं कुणी भेटलं नसावं. म्हणून एकेक. शेजारच्या खोलीतला दुसरा चार्जर लावून पाहिला: तेच. वाचनालयातला मोठा पडदा जोडून पाहिला: तोही काळा, म्हणजे दोष माझ्या पडद्यात नाही. चार्जर काढून बटण चाळीस सेकंद दाबून धरलं, आतली उरलेली वीज निघून जावी म्हणून: तेच, तीनदा लुकलुक. प्रत्येक प्रयत्न वेळेसकट वहीत लिहिला.

मग उघडायचं ठरवलं आणि लॅपटॉप पालथा केला.

खाली दहा स्क्रू आहेत. दहाच्या दहा स्क्रूंच्या फुल्या सरळ उभ्या होत्या, अधिकाच्या चिन्हासारख्या. एकही तिरकी नाही. कंपनीत असं कुणी करत बसत नाही. आपल्या दाराच्या बिजागऱ्या, आत्याच्या ट्रंकेची कडी, माझ्या शाळेच्या सायकलची घंटी, सगळ्यांचे स्क्रू असे सरळ आहेत. असे स्क्रू पिळणारा एकच माणूस मला माहीत आहे.

शनिवारी दुपारी मी आत्याला घेऊन डॉक्टरकडे गेले, तीन तास. लॅपटॉप तुमच्या टेबलावर होता. मंगळवारी विचारायचं होतं ते हेच. आता विचारत नाही, सांगते. तुम्ही उघडलात.

जाळ्या कुणाच्या सांगण्यावरून काढल्यात ते तुम्ही बोलला नाहीत. हे कुणाच्या सांगण्यावरून केलंत?

आत्या, ही ओळ गाळू नकोस. मोठ्याने वाच.

आत काही कापलं असेल तर मी जोडेन. जोडता आलं नाही तर एक्केचाळीस घरी पुन्हा जाईन आणि प्रत्येकीला सांगेन की माझ्याकडून हरवलं, पुन्हा बोलाल का. का हरवलं ते सांगणार नाही. तेवढी तुमची अब्रू राखेन. त्यापेक्षा जास्त नाही.

तपासनीस


८ मार्च, शनिवार

बाबा,

हे पत्र गुरुवारच्या पत्राआधी पोचलं असतं तर बरं झालं असतं. पोस्टात चौकशी केली. टाकलेलं पत्र परत देत नाहीत.

आज सकाळी घड्याळवाल्याकडून बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणला. डब्याचं झाकण उलटं ठेवून त्यात स्क्रू घड्याळातल्या आकड्यांसारखे मांडले, तुमच्यासारखे, म्हणजे कुठला कुठे जातो ते चुकत नाही. पाठ उचलली.

काही कापलेलं नव्हतं. एकही तार नाही. मी दोनदा पाहिलं, मग टॉर्च घेऊन तिसऱ्यांदा.

तेल होतं. पंख्याच्या मधोमध, तो फिरतो त्या खिळीवर. एक थेंब नाही, चांगले तीन-चार असावेत. आपल्या घरातल्या हवेत सुताचे कण असतात, ते इतकी वर्षं त्या पंख्यात जात होते. तेल आणि सूत मिळून करड्या लगद्याची गोळी झाली होती आणि पंखा तिच्यात रुतून बसला होता. उरलेलं तेल ओघळून शेजारच्या खाचेपर्यंत गेलं होतं. बोट लावलं. शिलाई मशीनचं तेल. ते बोटाला कळतं, वास घ्यावा लागत नाही.

मग आठवलं. शनिवारी डॉक्टरकडे जाताना आत्या म्हणाली होती, "तुझे बाबा म्हणत होते, पोरीचं यंत्र कोरडं चालतंय. घरघर ऐकवत नाही म्हणे." आणि मी म्हटलं होतं, "माझ्याशी बोलत नाहीत, मग माझ्या यंत्राची चौकशी कशाला?" आत्या, हे तू तेव्हाच मला बजावून सांगायला हवं होतंस. नाही, चूक. तू सांगितलंस. मी ऐकलं नाही.

बाबा, या पंख्याला तेल घालत नाहीत. त्यातली धूळ काढली की झालं. पण तुमच्या हाताखालून गेलेलं प्रत्येक यंत्र तेल मागणारंच होतं, तुम्हाला कसं कळावं.

गुरुवारचं पत्र मागे घेते. तुम्ही मोडायला उघडलात असं मी लिहिलं, ते खोटं होतं. लेखी आरोप होता, म्हणून माफीही लेखी मागते. पण अर्धंच पत्र मागे घेते. जाळ्यांचं लिहिलं ते तसंच आहे. एका हाताने तुम्ही मुलीच्या पंख्यात तेल सोडलंत आणि दुसऱ्या हाताने बायकांच्या सुयांपुढच्या जाळ्या काढल्यात. दोन्ही हात तुमचेच. अहवालात फक्त दुसऱ्याला जागा आहे, याचं मला वाईट वाटतं, पण जागा बदलत नाही.

माझ्या खोलीत राहणारी मुलगी नर्सिंग शिकते. तिच्याकडून स्पिरिट आणि कापूस घेतला. ती पलंगावर बसून बघत होती.

"पेशंटला काय झालंय?"

"वडिलांनी तेल पाजलंय."

"वॉर्डात अर्धे पेशंट असेच येतात. घरच्यांनी मायेने काहीतरी पाजलेलं असतं. आम्ही त्यांच्यावर ओरडतो आणि मग सलाइन लावतो."

"तू ओरडतेस?"

"मी सलाइन लावते. ओरडायला सिस्टर आहेत."

पंखा साफ झाला. बोटाने हलवला तर फिरतो. बॅटरी जोडून बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच. दिवा तीनदा लुकलुकला.

म्हणजे पंखा हा एक दोष होता, पण तेवढाच नव्हता. तुम्ही म्हणाल, एक दोष सापडला म्हणून मशीन झाकू नये. झाकलं नाही.

तपासनीस


९ मार्च, रविवार

बाबा,

सुरू झाला.

तेल जिथवर ओघळलं होतं त्या खाचेत मेमरीची एक पट्टी बसते, बोटाएवढ्या लांबीची. दोन बाजूंचे चिमटे बाजूला केले की ती आपोआप वर येते. तिच्या कडेला सोनेरी दात असतात, त्यांवर तेलाचा थर होता. ते दात मी पेन्सिलीच्या खोडरबराने घासले, खाच स्पिरिटने पुसली. नर्सबाई म्हणाली, दहा मिनिटांत सुकेल. मी दोन तास थांबले. ती म्हणाली, तुझ्याशी लग्न करणारा म्हातारा होऊन मरेल. मग पट्टी तिरकी धरून बसवली, खटका ऐकला, बटण दाबलं. पंखा फिरला. तीनदा लुकलुकणारा दिवा या वेळी गप्प राहिला आणि पडदा उजळला.

सगळी रेकॉर्डिंग उघडून पाहिली, प्रत्येकाची पहिली दोन मिनिटं. एक्केचाळीस. सगळ्या आहेत. दुरुस्तीवाल्याला जाऊन सांगितलं की बोर्ड गेलेला नव्हता. तो म्हणाला, "मग काय गेलं होतं?" मी म्हटलं, "काही नाही. वडील मेकॅनिक आहेत." त्याला काही कळलं नाही आणि मला ते सांगत बसायचं नव्हतं.

स्क्रू परत लावताना माझ्या फुल्या तिरक्या राहिल्या. आधी चुकून. मग सरळ करायला घेतल्या आणि तशाच ठेवल्या. हा लॅपटॉप आता मी उघडलेला आहे.

या रेकॉर्डिंगांमध्ये तुमच्याबद्दल एक गोष्ट आहे. एका मावशीने सांगितलेली. ती मी तुम्हाला सांगू शकत नाही, तिची परवानगी नाही. पण ती आहे, आणि ती ऐकल्यापासून मला तुमच्यावर पुरतं रागावता येत नाहीये. याचाच जास्त राग येतोय.

चोवीस तारखेला अहवाल जाणार. वाक्य आहे तसं.

तपासनीस


१६ मार्च, रविवार

बाबा,

काल पाकीट आलं. वर अक्षर आत्याचं, आतला कागद तुमचा. सुयांच्या पुड्याच्या पाठकोऱ्या पुठ्ठ्यावर दोन ओळी:

'सुमारे चाळीस लिहू नको. बासष्ट आहेत. मोजून काढल्या.
पंख्याचं मला माहीत नव्हतं.'

आत्याने वेगळ्या चिठ्ठीत कळवलंय की हे लिहायला तुम्हाला दोन दिवस लागले, तिला तुम्ही जवळ येऊ दिलं नाही आणि चार पुठ्ठे फाडले. आत्या, त्या फाडलेल्या पुठ्ठ्यांवर काय होतं ते तू वाचलं असणार. मला सांगू नकोस. त्यांना पाठवायचं नव्हतं ते त्यांचं आहे.

तर बाबा, आळ तुम्हाला चालतो, चुकीचा आकडा चालत नाही. हा पुठ्ठा मी दिवसभर जवळ घेऊन हिंडले. मॅडमनाही दाखवला. त्या म्हणाल्या, "हे फार मोलाचं आहे. घाल अहवालात."

मी घातलं नाही. अजून नाही. आमचा नियम असा आहे की कुणाचंही बोलणं लिहिण्याआधी ते त्या माणसाला वाचून दाखवायचं, कुठे चुकलं ते विचारायचं आणि मगच सही घ्यायची. एक्केचाळीस जणींसाठी मी तो पाळला. वडिलांसाठी मोडणार नाही.

आज दुपारी तिकडे येऊन शेवटच्या ओळीत काज करणाऱ्या त्या मावशीकडे गेले होते, घरी आले नाही. ती गोष्ट तुम्हाला सांगू का, असं विचारलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, "सांग की. त्यात काय चोरी आहे?" मी म्हटलं, पत्र आत्या वाचेल. ती म्हणाली, "मग आत्यालाही सांग. तुझ्या आत्याला मी ओळखते, तिला सांगितलं नाही तर ती विचारायला येईल."

तर तिच्याच शब्दांत लिहिते: 'सुई नखातून आरपार गेली होती. मेकॅनिकभाऊंनी पकडीने काढली. दुसऱ्या दिवशी कामावर गेले तर माझ्या मशीनला जाळी परत लावलेली. कुणी लावली ते विचारायची गरजच नव्हती. दुपारी ऑफिसात बोलावलं त्यांना. परत आले, माझ्याकडे न बघता खाली बसले आणि जाळी काढली. ऑफिसात त्यांना कोण काय बोललं ते त्यांनाच ठाऊक.'

म्हणून बाबा, तुमचाही आकडा चुकला आहे. जाळ्या बासष्ट, हे बरोबर. पण तुम्ही काढल्यात त्रेसष्ट वेळा. एक दोनदा काढलीत. आणि त्या दुसऱ्या वेळेआधी, सकाळी, कुणीही न सांगता, ती तुम्ही लावली होतीत.

पहिल्या बासष्ट वेळांबद्दल तुम्ही सांगाल ते मी लिहीन. 'मी काढल्या, बस्स' एवढंच म्हणालात तर तेवढंच लिहीन, आणि अहवालात तो दोष एकट्या मेकॅनिकचा राहील. मी त्याला मऊ करणार नाही. मुलगी म्हणून करावंसं वाटतं. बोटात सुई गेलेल्या सव्वीस जणींसमोर बसल्यावर वाटत नाही. पण त्या त्रेसष्टाव्या वेळेआधी ऑफिसात दोन माणसं होती, तुम्ही आणि तुम्हाला बोलावणारा. तो सगळं तुमच्या अंगावर टाकून आजही खुर्चीत बसला आहे. तुम्ही त्याला बावीस वर्षं मान दिलात म्हणून मीही द्यावा, असं असेल तर नाही देत.

काम जाईल ही भीती तुम्हालाही आहे, हे मला दिसत नाही असं समजू नका. बायकांनाही होती. त्या बोलल्या. मी त्यांची नावं लिहिली नाहीत. तुमचंही नाव लिहिणार नाही, पण तिथे मेकॅनिक एकच आहे, हे मी लपवू शकत नाही आणि लपवते असं सांगून तुमची सही घेणार नाही.

शनिवारी, बावीस तारखेला, दुपारी येते. आत्याने वाचायची गरज नाही, मी वाचेन आणि तुम्ही ऐका. जिथे चुकेल तिथे थांबवा. 'हे लिहू नको' म्हणालात तर ते बोलणं लिहिणार नाही, तो तुमचा हक्क आहे. जाळ्या काढल्या गेल्या ही गोष्ट मात्र राहील, कारण ती एकट्या तुमची नाही.

फॉर्म भरून ठेवला आहे. अनुक्रमांक बेचाळीस. काम: मशीन दुरुस्ती. अनुभव: बावीस वर्षं. त्याखाली एक प्रश्न आहे, 'जाळ्या काढायला कोणी सांगितलं?' आणि पुढे एक कोरी ओळ. ती ओळ मी तुमच्यासाठी भरणार नाही, बाबा. आणि कुणाच्याही भीतीने काढूनही टाकणार नाही.

तुमची मुलगी